पाऊस कुणाच्या बाजूचा?

आपल्या सिनेमात पाऊस बहुतेक वेळा गाण्यासाठी पडत आला. अलीकडे त्याला वेगळी कामं मिळू लागली आहेत. तो वाटा तोडतो, गुहा भरतो, डोंगर खाली आणतो, माणसांना छपरावर चढवतो. पावसाळ्यात घडणाऱ्या अशा साहसपटांवरून एका मामा-भाचीत झालेला हा वाद. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, घर सांगलीत. भाची मुंबईत सिनेमांचं ध्वनिआरेखन करते. मामांचं म्हणणं, या सिनेमांना पाणी कळत नाही. भाचीचं म्हणणं, मामांना सिनेमा कळत नाही.

भाची : मामा, काल ‘थर्टीन लाइव्ह्ज’ बघताना तू सारखा सिनेमा थांबवत होतास. अशाने भीती वाटणार कशी?

मामा : मला भीती वाटायची तर थांबवावाच लागतो. पाणी कुठून आलं, किती चढलं हे कळल्याशिवाय कसली भीती? आणि हा सिनेमा मला आवडला, हे आधीच सांगून ठेवतो. २३ जून २०१८ ला थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक शिरले आणि पावसाने मागची वाट बुडवली. रॉन हॉवर्डने २०२२ मध्ये त्यावर हा सिनेमा केला. त्या माणसाला एक गोष्ट बरोबर कळली होती. गुहेतलं पाणी डोंगराच्या माथ्यावरच्या विवरांमधून आत उतरत होतं. म्हणून काही लोक खाली पंप लावून बसले आणि काही लोक वर चढून ओढे वळवत राहिले. बांबूच्या पन्हळी, वाळूची पोती, मिळेल ते घेऊन. ते पाणी खालच्या भातखाचरांत गेलं आणि शेतकऱ्यांनी ते जाऊ दिलं. साहसपटात कुणाचं तरी उभं पीक बुडताना दाखवलंय, असं मी क्वचितच पाहिलंय.

भाची : मान्य. पण सिनेमा संपल्यावर तुझ्याबरोबर काय आलं? भातखाचर? माझ्याबरोबर आला तो गढूळ पाण्यात दोरी चाचपत सरकणारा पाणबुड्या आणि त्याच्या हातातलं, औषधाने बेशुद्ध केलेलं पोर. तिथे पाऊस ऐकूच येत नाही. श्वास ऐकू येतो आणि दगडाला घासणारी टाकी. वर डोंगरावर धो-धो कोसळतंय हे आपल्याला ठाऊक असतं, पण कानावर त्याचा एक थेंबही पडत नाही. ज्याने मरायची वेळ आलीय ती गोष्टच ऐकू येत नाही, म्हणून छातीत धडधडतं. साहस शरीरात असतं मामा, नकाशात नाही.

मामा : शरीर कुणाचं, हा माझा प्रश्न. पाणबुड्याचं तेवढं दिसतं. पंपाशी उभं राहिलेल्याचं दिसत नाही. त्या उपशाच्या कामात आपल्या जिल्ह्याचाही हात होता. बँकॉकच्या भारतीय दूतावासाने शब्द टाकला, तेव्हा किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं पाणी कसं उपसायचं याचा सल्ला द्यायला तिथे गेली होती, आणि इकडे किर्लोस्करवाडीला पंप विमानाने धाडायच्या तयारीत ठेवले होते.

भाची : पण पंपावरचा सिनेमा बघणार कोण?

मामा : ऐक मग. १० जुलैला शेवटची मुलं आणि प्रशिक्षक बाहेर आले. मदतीला गेलेली माणसं अजून आतच होती. आणि मुख्य पंप बंद पडला. पाणी झपाट्याने चढायला लागलं, आतली माणसं पळत सुटली आणि वाचली. म्हणजे इतके दिवस त्या सगळ्यांचा जीव कशावर टांगलेला होता? हे तुमच्या पटकथेत कुणी लिहिलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असता, जरा अतीच झालं.

भाची : खरंच म्हणालो असतो. पण मी तुला वेगळं सांगते. तू ज्या गुहेवर इतका विश्वास ठेवलास, ती ऑस्ट्रेलियात बांधलेला सेट आहे. पडद्यावरचा पाऊस तर जवळजवळ नेहमीच खोटा असतो. समोरून उजेड टाकला तर कॅमेऱ्याला पाऊस दिसतच नाही. दिवा मागून लावला की थेंब चमकतात. म्हणून टँकर मागवायचे, उंचावरून फवारे सोडायचे, थेंब मुद्दाम मोठे पाडायचे. १९५० च्या ‘राशोमोन’मध्ये कुरोसावाने पावसाच्या पाण्यात काळी शाई मिसळली होती, करड्या आभाळापुढे थेंब उठून दिसेनात म्हणून. आवाजाचं तर विचारू नकोस. भर पावसात माइक धरला तर नुसती एकसुरी सरसर मिळते. पावसाला स्वतःचा असा आवाज नाही. तो ज्यावर पडतो त्याचा आवाज आपण ऐकतो. पत्र्यावरचा वेगळा, कौलांवरचा वेगळा, ताडपत्रीवरचा वेगळा. ते सगळे वेगवेगळे गोळा करून मी पाऊस बनवते. मग तू खरं पाणी, खोटं पाणी ठरवणार कशावरून?

मामा : थेंब खोटे असले तर माझी काही हरकत नाही. पाण्याची वागणूक खोटी नको. पाणी वरून खाली जातं, त्याला वेळ लागतो, ते कुठेतरी साठतं, कुठूनतरी फुटतं. एवढं पाळा, मग थेंबात शाई मिसळा नाहीतर दूध.

भाची : मग ‘तुंबाड’ घे. राही अनिल बर्वेंचा, २०१८ मध्ये आलेला. त्यांनी खऱ्या पावसाची वाट पाहत कित्येक पावसाळे चित्रीकरण केलं. ते कुंद आभाळ, भिजून काळा पडलेला वाडा, ऊन म्हणून कुठे नाही. आणि गोष्टीत काय? देवांचा कोप म्हणून पाऊस पडतो आणि थांबतच नाही. त्या पावसाला ना पाणलोट, ना विसर्ग. तुझ्या नियमात बसतो का?

मामा : बसतो की. गंमत म्हणजे पुरापर्यंत जाणाऱ्या कितीतरी सिनेमांपेक्षा चांगला बसतो. त्या गोष्टीने सुरुवातीलाच सांगून टाकलं की इथे पाऊस थांबणार नाही. मग नाही थांबला. त्यातला विनायक परतपरत त्याच पावसात, त्याच वाड्यात जातो, कारण त्याची हावही थांबत नाही. नियम सांगितला, शेवटपर्यंत पाळला. मला राग येतो तो सोयीने येणाऱ्या पावसाचा. ‘तुम मिले’ बघ. २६ जुलै २००५ ची मुंबई. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एकीकडे माणसं गाडीत बुडाली आणि दुसरीकडे साधा पावसाळी दिवस होता. कुलाब्यातल्या माणसाला अंधेरीतल्या माणसाचं संकट कळूच शकत नव्हतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण सिनेमाला ताटातूट झालेले दोघे एकत्र आणायला पूर हवा होता, तेवढा त्याने घेतला. ‘केदारनाथ’चंही तेच. जून २०१३ मध्ये चोराबारी तळं फुटून जो प्रलय झाला, तो प्रेमकथेच्या शेवटाला जोडून दिला.

भाची : त्या प्रेमकथा आहेत, मामा. तू गणिताचा पेपर मराठीच्या वर्गात वाटतोयस. अस्सल साहसपट घे. ‘मंजुम्मल बॉइज’. २००६ साली कोचीजवळच्या मंजुम्मलचे मित्र कोडाईकनालला गेले, तिथल्या गुणा गुहांमध्ये बंदी असलेल्या भागात शिरले आणि त्यांच्यातला एक खोल विवरात पडला. चिदंबरमने २०२४ मध्ये त्यावर सिनेमा केला. त्यात पाऊस कसा येतो आठव. सगळे घाबरलेले, काय करावं सुचत नाही, आणि सर सुरू होते. पाणी उतारावरून विवराकडे वाहायला लागतं. मित्र खाली आहे. मग ही पोरं आडवी पडतात, अंगाचाच बांध घालतात. यातल्या एकालाही पाण्याचं शास्त्र ठाऊक नाही. फक्त मित्र बुडेल एवढं कळतं. याहून चांगलं पाणी तू कुठल्या सिनेमात पाहिलंस?

मामा : तो प्रसंग उत्तमच आहे. पाणी कुठून येतंय, कुठे जातंय आणि ते अडवायला हातात काय आहे, सगळं एका दृश्यात. पण ती पोरं तिथे पोचली कशी? कुंपण ओलांडून. सिनेमा गाजला आणि त्याच गुहा बघायला पर्यटकांची रीघ लागली. मला सांग, लोकांनी त्यातून काय घेतलं? दोरीवरून खाली उतरणाऱ्या मित्राचं धाडस, की कुंपण?

भाची : दोन्ही घेतलं असेल. त्याला सिनेमा काय करणार?

मामा : ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याची चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. ते लोक त्या पाण्यात उतरले, तेव्हा पाणी साधंच असणार. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. पाणी मुरायला जागा नाही. माथ्यावर जोराची सर आली की उतारावरचं सगळं पाणी बघताबघता ओढ्यात येतं. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पाऊस नसला तरी येतं. हे धनगराच्या पोराला माहीत असतं, शहरातून आलेल्याला नसतं. आणि शहरातल्या माणसाने धबधबा पाहिलेला असतो तो पडद्यावरच. तिथे नायिका भिजते, नायक खडकावरून उडी मारतो आणि पाणी जागच्या जागी राहतं.

भाची : थांब. इथे तू चुकीच्या माणसाची कॉलर धरतोयस. ही सवय सिनेमाने लावली की मोबाइलवरच्या रीलने? रील अर्ध्या मिनिटात संपतं. त्यात धबधबा मावतो, परिणाम मावत नाही. ‘मंजुम्मल बॉइज’ दोन तासांहून मोठा आहे. त्यात पोलीस त्या पोरांना मारतात, वाचलेल्या मित्राच्या डोळ्यांतली भीती नंतरही जात नाही, घरी गेल्यावरही प्रकरण संपत नाही. धाडसाची किंमत दाखवायला वेळ लागतो. तो वेळ फक्त सिनेमाकडे आहे. तू खरं तर माझ्या बाजूने असायला हवास.

मामा : किंमत दाखवतात हे खरं. रीलचं मी मान्य करतो. पण सिनेमा किंमत कुणाला भरायला लावतो, तेही बघ. तू मागे मला तो जुना इंग्रजी सिनेमा दाखवलास ना, रांचीपूरचा?

भाची : ‘द रेन्स केम’, १९३९. लुई ब्रॉमफिल्डच्या कादंबरीवरचा. आमच्या धंद्यात त्याचं नाव आदराने घेतात. खास दृश्य-ध्वनी परिणामांसाठीचं पहिलं ऑस्कर त्याला मिळालं, तेही ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘विझर्ड ऑफ ऑझ’ला मागे टाकून. आणि पुरस्कार घेणाऱ्या दोघांतला एक जण ध्वनीचा होता. भूकंप, फुटणारं धरण, शहरातून धावणारं पाणी. सगळं हॉलिवूडच्या स्टुडिओत उभं केलं.

मामा : धरण एका झटक्यात फुटतं ते सोड, १९३९ ला तेवढी सूट देतो. पण तिथे पावसाळा कशासाठी येतो? परदेशातून आलेल्या श्रीमंत बाईंच्या मनाची शुद्धी व्हावी म्हणून. रांचीपूरचे हजारो लोक वाहून जातात आणि त्यांतल्या कुणाचं नावही आपल्याला कळत नाही. पाऊस एकाला घडवायला येतो, बाकीचे गर्दीत मरतात. पावसाळी साहसपटांचा हा आजार तेव्हापासूनचा.

भाची : आणि त्यावरचं औषध केरळात निघालं. ज्यूड अँथनी जोसेफचा ‘२०१८’, त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या महापुरावरचा. त्यात नायक असा एकटा नाहीच. अंध दुकानदार, मॉडेल व्हायचं स्वप्न बघणारा कोळ्याचा मुलगा, सैन्यातून पळून आलेला तरुण. किनाऱ्यावरचे कोळी ट्रकवर होड्या चढवून आतल्या बुडालेल्या गावांत जातात. हे खरंच घडलं, हजारो लोकांना त्यांनी बाहेर काढलं. समुद्रात चालवायची होडी ते गल्लीतून, विजेच्या तारांखालून, कुंपणांवरून चालवतात. भारताकडून ऑस्करला तोच गेला.

मामा : कोळ्यांचं दृश्य बघताना माझे डोळे भरले, खोटं कशाला बोलू. २०१९ ला आपल्याकडे आयर्विन पुलाखाली पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. ब्रह्मनाळला पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली त्या दिवशी सांगलीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. सवयीचा नावाडी आणि धड होडी यांची किंमत तेव्हा कळली. पण त्या सिनेमात माझं एक माणूस हरवलंय.

भाची : कोण?

मामा : धरणावरचा. इडुक्कीच्या चेरुथोणी धरणाचे दरवाजे त्या ऑगस्टमध्ये सव्वीस वर्षांनी उघडले. ते उघडायचे कधी, किती, हे कुणीतरी ठरवलं ना? सरकारी यंत्रणेचं काम सिनेमात फारसं दिसत नाही, अशी तक्रार केरळातही झाली. माझी तक्रार राजकारणाची नाही. कोयनेचं धरण घे. १०५ टीएमसीचं. जुलैअखेर ते भरत आलंय, वर पाऊस कोसळतोय. पाणी सोडलं तर खाली नदी आधीच दुथडी आहे, गावं बुडतील. नाही सोडलं आणि रात्रीतून येवा वाढला, तर उद्या याच्या दुप्पट सोडावं लागेल. धरण मोकळं ठेवलं आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात सगळे शिव्या घालणार. भरून ठेवलं आणि पाऊस आला, तर आत्ता घालणार. हातात आकडे आहेत, ते तासागणिक बदलतायत आणि सोडलेलं पाणी काही परत बोलावता येत नाही. बोटीतल्या माणसाला निदान समोरचा बुडणारा दिसतो. इथे दिसत नाहीत अशा लाखो लोकांचा निर्णय करायचा असतो. हे साहस नाही?

भाची : आहे. पण पडद्यावर काय दिसेल? ट्यूबलाइट, टेबल, फोन.

मामा : बघ, आता तूच दिसण्याच्या मागे लागलीस. कानाने जगणारी बाई!

भाची : (हसत) बरं, कानाकडे येते. मग तू ‘मलयनकुंजू’ बघच. २०२२ चा, फहाद फासिलचा. तो एकलकोंडा, चिडका, जातीचा पीळ न गेलेला मेकॅनिक. शेजारच्या तान्ह्या मुलीच्या रडण्याने त्याचं डोकं उठतं. मग पावसात दरड कोसळते आणि तो चिखलाखाली गाडला जातो. वर काय चाललंय हे त्यालाही कळत नाही, आपल्यालाही नाही. अंधार, चिखल, पाणी. आणि कुठूनतरी तेच रडणं ऐकू येतं. ज्या आवाजाचा त्याला राग यायचा, त्याच आवाजाच्या दिशेने तो उकरत जातो. इथे तुझा नियंत्रण कक्ष काय कामाचा? ढिगाऱ्याखाली माणसाला एवढंच कळतं की आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून.

मामा : हे मला पटतं. माळीणचं तुला ठाऊक आहे? ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यात सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. ते बाहेर आधी कळलं कुणामुळे? एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीची गाडी घेऊन तो गेला, तर जिथे गाव असायचं तिथे गाव नव्हतं. त्याने खबर दिली.

भाची : आणि तू म्हणतोस पाण्याचा हिशेब दाखवा! अरे, ही सिनेमाची पहिली चौकट आहे. रोजचा रस्ता, रोजचं वळण, चालक गिअर बदलतो, आणि पुढे गाव नाही. एकही आकडा नको. एसटीचं इंजिन चालू आहे आणि समोरून जे आवाज यायला हवेत, कोंबडा, हंडे, माणसं, ते येत नाहीत. तेवढं पुरे.

मामा : पहिली चौकट तुझी. दुसरी माझी. उतार किती होता, दोन दिवस पाऊस किती झाला, माती किती पाणी प्यायली, हे कुणीतरी विचारायलाच हवं. नाहीतर प्रेक्षक म्हणेल, देवाची करणी. मग पुढचं गाव त्याच उतारावर, तसंच.

भाची : विचारायला हवं, पण सिनेमातल्या माणसाने, गरज पडेल तेव्हा. प्रेक्षकाला शाळेत बसवायला नको. चल, आपल्या मातीतला साहसपट घेऊ. ‘पावनखिंड’. त्यात तरी तुला खोट सापडू नये.

मामा : तिथे तर मी जास्त बोलणार. पन्हाळा ते विशाळगड. १६६० चा जुलै, आषाढ. सिद्दी जौहरचा वेढा उन्हाळ्याच्या तोंडापासून पडलेला. पाऊस लागला की वेढे ढिले पडतात हा सगळ्यांचा अनुभव, पण सिद्दीने पावसातही वेढा सोडला नाही. मग शरण येण्याची बोलणी लावली, पहारे सैल झाले आणि महाराज सुमारे सहाशे माणसांनिशी रात्री बाहेर पडले. शिवा काशिदांनी दुसऱ्या पालखीत बसून शत्रूला चकवलं. मागे सिद्दी मसूद. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे उभे राहिले. दिग्पाल लांजेकरांनी २०२२ मध्ये सिनेमा केला, थिएटरं भरली, शिट्ट्या पडल्या. सगळं ठीक. पण मला विचारशील तर त्या रात्रीचा अर्धा पराक्रम वाटेचा आहे. म्हसाईचं पठार, जंगल, ओढे, गुडघाभर चिखल. पाऊस दोन्ही बाजूंच्या अंगावर सारखाच पडत होता. ज्यांना वाट ठाऊक होती त्यांचं त्याने काम केलं, ज्यांची भिस्त घोड्यांवर होती त्यांचं बिघडवलं. आणि खिंडीत संख्येचा उपयोग नाही, एका वेळी समोर येणार किती? हा सगळा हिशेब तलवारींच्या खणखणाटात बुडून जातो.

भाची : तलवार बाजूला ठेवली तर तिकीट विकलं जाणार नाही, ते सोड. पण तू आत्ता जे बोललास त्यावरून मला वेगळंच सुचतंय. सहाशे माणसं वेढ्यातून निघतात. सहाशे माणसांच्या पावलांचा, पालखीच्या दांड्यांचा, धापांचा आवाज होणारच. कोरड्या रात्री तो किती लांब जाईल? पण आषाढातली रात्र आहे. मी मघाशी म्हणाले ना, मोठ्या पावसात माइक धरला तर नुसती सरसर मिळते, बाकी सगळं तिच्यात बुडतं. पहारेकऱ्याच्या कानातही तेच होत असणार. पावसाने त्यांना डोळ्यांपासून लपवलं असं आपण म्हणतो. त्याने कानापासूनही लपवलं.

मामा : हे मी कधी ऐकलं नव्हतं.

भाची : मग असा सिनेमा कर, की पावसाचा जोर कमी झाला की थिएटरातल्या माणसाचा जीव वर यावा. आपल्या साहसपटात पाऊस वाढला की संकट वाढतं. इथे उलटं. सर ओसरली की पावलं ऐकू यायला लागतील. ‘थांबू नकोस रे बाबा’ असं प्रेक्षक पावसाला म्हणेल. शेतकरी म्हणतो तसं.

मामा : अगं, मग हे हिशेबाचंच बोलतेयस की तू! पाऊस कधी, किती, कुणावर, आणि त्याने काय बदललं.

भाची : बोलतेय खरी. पण आकडा न सांगता. फरक तोच आहे. तुला पाणी समजावून हवंय, मला ते अंगावर यायला हवंय. माझं आवडतं उदाहरण त्या मोठ्या सिनेमांतलं नाहीच. अविनाश अरुणचा ‘किल्ला’. कोकणात बदली झालेल्या आईबरोबर आलेला, वडील नसलेला चिन्मय. बर्लिनला २०१४ मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. मुलं सायकली हाणत समुद्रकाठच्या किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि चिन्मय आत एकटा पडतो. मित्र निघून गेलेले. ना पूर, ना दरड, ना कुणी मरत. पण अकरा वर्षांच्या मुलाला त्या भिंतींत, त्या पावसात वाटणारी भीती मला थाम लुआंगपेक्षा कमी वाटली नाही.

मामा : त्याला साहस म्हणायचं? पोरगं भिजलं आणि रुसलं.

भाची : वडील गेल्यावर गावोगाव बदलीत फिरणाऱ्या पोराला कुणी मागे सोडून गेलं तर काय वाटत असेल? त्याला पाण्याची भीती नाही, सोडून जाण्याची आहे. पाऊस त्या भीतीला वेळ देतो. सर थांबेपर्यंत त्याला कुठे जाता येत नाही. तुझ्याच भाषेत सांगायचं तर, वाट बंद आणि मदत यायची नाही. मोठ्या साहसपटांत याहून वेगळं काय असतं?

मामा : तुझ्या सगळ्या सिनेमांत माणूस अडकल्यावरचं साहस आहे. मला अडकायच्या आधीचं हवंय. ओढ्याला पाणी यायच्या आधी खुणा होतात. पाणी गढूळ होतं. काटक्या, पालापाचोळा वाहून यायला लागतो. आणि वरच्या अंगाने आवाज येतो, घरंगळणाऱ्या धोंड्यांचा. हे ओळखून जो माणूस पोरांना काठावर ओढून घेतो, त्याच्यावर सिनेमा निघत नाही, कारण त्याच्या गोष्टीत पुढे काही घडतच नाही. तोच खरा शूर. त्याला नायक करायची हिंमत आहे का तुमच्यात?

भाची : नायक नाही करता येणार. खोटं आश्वासन देत नाही. ज्याच्या गोष्टीत काही घडत नाही, त्याला दोन तास कुणी बघत नाही, हा माझ्या धंद्याचा नियम आहे, तुझ्या उतारासारखाच. पण त्याचा कान मी घेईन. पडद्यावर सहल चाललीय, पोरं फोटो काढतायत, पाणी स्वच्छ आहे. आणि ओढ्याच्या आवाजात खाली, अगदी खाली, ते धोंडे सुरू करीन. चित्रात काही दिसायच्या बरंच आधी. कुणी बोलणार नाही, संगीत वाजणार नाही.

मामा : कुणाच्या लक्षात येणार ते?

भाची : नदीकाठी वाढलेल्यांच्या येईल. ते खुर्चीत पुढे सरकतील.

मामा : आणि तुझ्या मुंबईकरांचं काय?

भाची : ते नायकाबरोबर वाहून जातील.

मामा : म्हणजे झालं! ज्यांना कळायला हवं, त्यांनाच कळणार नाही.

भाची : पहिल्यांदा नाही कळणार. पण सिनेमा आवडला तर माणूस तो पुन्हा बघतो, मामा, आणि पुन्हा बघताना पुढे काय होणार हे ठाऊक असतं, म्हणून कान मोकळा असतो. तेव्हा त्याला ते धोंडे ऐकू येतील आणि तो स्वतःशीच म्हणेल, अरे, हे तर पहिल्यापासून वाजत होतं. तू त्याला धोक्याचा फलक लावून जे सांगतोस आणि तो वाचत नाही, ते त्याला तेव्हा कळेल.

मामा : फलक मात्र काढू नका. तुझा सिनेमा दुसऱ्यांदा बघायला माणूस शिल्लक राहायला हवा ना.